जीवशास्त्राच्या परीक्षेसाठी वर्गीकरण: काय पाठ करावं आणि काय सोडावं?

तुम्ही विचारलंय की वर्गीकरणाचा धडा उघडला की नावांचा नुसता डोंगर दिसतो, सगळं पाठ करायला वेळ नाही, मग भर कशावर द्यायचा. मी हा विषय शिकवतो आणि पेपरही तपासतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगतो.

नावांवर भर देऊ नका. एक गट दुसऱ्यापासून ज्या लक्षणामुळे फुटतो, ते लक्षण पकडा. परीक्षेत बहुतेक प्रश्न तिथेच येतात.

प्राण्यांसाठी हे फाटे अर्ध्या पानात मावतात. ऊती (एकाच कामाच्या पेशींचे समूह) आहेत का? स्पंजमध्ये नाहीत, तो पहिल्याच फाट्यावर बाजूला पडतो. सममिती कोणती? निडारिया, म्हणजे जेलीफिश, हायड्रा वगैरे, अरीय सममित (मध्याभोवती चाकासारखे सारखे) आणि द्विस्तरीय (शरीर दोन थरांचं). तिथून पुढचे त्रिस्तरीय आणि द्विपार्श्व सममित (डावी-उजवी बाजू सारखी). मग देहगुहा, म्हणजे शरीरातली पोकळी: चपट्या कृमींत नाही, गोलकृमींत फसवी, वलयांकितांपासून (गांडूळ वगैरे) पुढे खरी. शेवटी पृष्ठरज्जू (पाठीतला आधाराचा दांडा) आहे की नाही. हे एकदा डोक्यात बसलं की संघांचा (प्राण्यांच्या मोठ्या गटांचा) क्रम वेगळा पाठ करावाच लागत नाही.

त्यावर प्रत्येक संघाचं फक्त त्याचंच असलेलं एक लक्षण जोडा. निडारियाच्या दंशपेशी, संधिपादांचं कायटिनचं कवच आणि सांधे असलेले पाय, मृदुकायांचं प्रावार (शरीरावरची त्वचेची घडी), कंटकचर्मींची (तारामासा वगैरे) जलसंवहनी संस्था (पाणी वाहणाऱ्या नळ्या). उदाहरणं प्रत्येकी दोन पुरे, पण त्यातलं एक अवघड निवडा. गोगलगाय सगळेच लिहितात. ऑक्टोपस मृदुकाय का, हे सांगता आलं पाहिजे.

तारामाशावर मात्र जरा जास्त वेळ घालवा, कारण सगळा धडा त्या एका प्राण्यात तपासून होतो. प्रौढ तारामासा अरीय सममित दिसतो. मग तो जेलीफिशच्या शेजारी का नाही? कारण त्याची अळी द्विपार्श्व सममित असते, देहगुहा खरी असते, आणि भ्रूणात जे पहिलं छिद्र तयार होतं त्याचं तोंड न होता गुदद्वार होतं. ही शेवटची गोष्ट आपल्यातही तशीच आहे. म्हणजे तारामासा झुरळापेक्षा माणसाला जवळचा! हे ज्याला दोन ओळींत लिहिता येतं, त्याला धडा कळलाय असं मी धरून चालतो.

अपवादांची एक छोटी यादी वेगळी ठेवा. बहुपर्यायी प्रश्न काढणाऱ्यांचा हा आवडता खुराक आहे. मगर सरपटणारी, पण हृदय चार कप्प्यांचं. प्लॅटिपस अंडी घालतो, तरी सस्तन. जेलीफिश, स्टारफिश, कटलफिश आणि सिल्व्हरफिश (पुस्तकातली कसर) यातला एकही मासा नाही, चौघांचे संघही चार वेगळे. आणि घोड्याच्या तोंडाचा समुद्रघोडा मात्र खराखुरा मासा. नीलहरित शैवालाच्या नावात शैवाल आहे, पण ते जीवाणूंच्या बाजूला जातं.

वनस्पतींचं काम सोपं आहे: संवहनी ऊती (पाणी-अन्न वाहून नेणाऱ्या) आहेत का, बिया येतात का, बिया फळात झाकलेल्या आहेत का. हे तीन प्रश्न विचारले की शैवाल आणि मॉस, मग नेचे, मग सायकस-पाइन, मग सपुष्प वनस्पती असं आपोआप लागतं. पाठ करायचंच असेल तर शैवालांचे तीन गट करा, रंगद्रव्य आणि साठवलेलं अन्न यांसकट. तिथे तर्क चालत नाही, घोकावंच लागतं.

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड माणसासाठी पूर्ण करा: ॲनिमॅलिया, कॉर्डाटा, मॅमॅलिया, प्रायमेट्स, होमिनिडी, होमो, सेपियन्स. बाकी उदाहरणांत शेपट्या ओळखा. नावाच्या शेवटी 'इडी' आलं तर प्राण्याचं कुल (फेलिडी, मस्किडी), 'एसी' आलं तर वनस्पतीचं कुल (पोएसी), 'एल्स' आलं तर वनस्पतीचा गण (पोएल्स). जोड्या लावायच्या प्रश्नात एवढ्यावर निम्मं काम होतं. हस्तलिखितात प्रजाती आणि जाती यांची नावं वेगवेगळी अधोरेखित करा, प्रजातीचं पहिलं अक्षर मोठं, जातीचं लहान. फुकटचे गुण असतात, पण कितीतरी जण ते सोडतात.

इतिहासाला एक संध्याकाळही देऊ नका. लिनिअसची 1753 आणि 1758 ही दोन वर्षं (वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या नामकरणाची अधिकृत सुरुवात), व्हिटेकरची 1969 ची पाच सृष्टी, वूझचे 1990 चे तीन अधिक्षेत्र (सृष्टीच्याही वरचे गट). व्हिटेकरचे निकष (ज्यांवरून त्याने सृष्टी वेगळ्या केल्या) मात्र नीट करा, कारण प्रश्न सालावर कमी आणि निकषांवर जास्त येतो.

एक सावधगिरी. नेटवर वाचायला गेलात तर पक्षी हे सरपटणाऱ्यांचीच एक शाखा आहेत आणि मगर सरड्यापेक्षा पक्ष्यांना जवळची आहे, असं दिसेल. ते बरोबरच आहे. पण तुमच्या अभ्यासक्रमात दोन वेगळे वर्ग दिले असतील तर पेपरात दोन वेगळे वर्गच लिहा. तिथे वाद घालून गुण मिळत नाहीत.

सराव असा करा: कुठलाही प्राणी घ्या आणि पुस्तक मिटून त्याला फाट्यांवरून चालवा. गांडूळ आणि सुरवंट शेजारी ठेवून बघा. दोघेही लांबट, मऊ, खंड पडलेले. पण सुरवंटाच्या पुढच्या तीन जोड्या पायांना सांधे आहेत, अंगावर कायटिनचं आवरण आहे, वाढताना तो कात टाकतो. गांडुळाला पायच नाहीत, नुसते बारीक ताठ केस. एक संधिपाद, दुसरं वलयांकित. असे पाच-सहा प्राणी न अडखळता जमले की वनस्पतींकडे वळा, आणि टिनोफोरा, हेमिकॉर्डाटासारखे छोटे संघ शेवटच्या दिवशी एकेका ओळीत उरका.