आधी पान सांग

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

टिपणं मिळाली. पुस्तकं चार आणि टिपणं पाच, कारण भालचंद्र नेमाड्यांच्या 'कोसला'वर तू दोनदा लिहिलंयस. पहिल्यात 'कंटाळवाणी, नायक काहीच करत नाही'. मग तुमच्या ग्रुपमधल्या कुणा दादाने सुनावलं, की 'कोसला' ज्याला कळत नाही त्याने साहित्याच्या वाटेला जाऊ नये. त्यावर लगेच दुसरं टिपण, 'कालातीत कलाकृती'. आणि आता मला विचारतोस, काकू, यातलं माझं खरं मत कुठलं?

कुठलंच नाही. दोन्हींत पान नाही, म्हणजे कुठल्या पानावर तसं वाटलं ते नाही.

कंटाळा आला तर आला. १९६३ सालची कादंबरी आहे ती, तुझ्या कंटाळ्याने तिचं काही बिघडत नाही. पण आला कुठे? पुण्याच्या हॉस्टेलात की डायरीत? डायरीच्या नोंदी मलाही अजून रेटून वाचाव्या लागतात, हे मी तुझ्या त्या दादासमोरही म्हणेन. त्या सारख्या येणाऱ्या 'वगैरे'ची चीडही येते. पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी पोचलं की हा नायक पांडुरंग इतका वेळ कशावर पांघरूण घालत होता ते कळतं. तिथपर्यंत गेलास की आधीच मिटलंस? तेवढं कळलं तर मी तुझ्याशी भांडू तरी शकते. 'कालातीत'शी काय भांडू?

आपल्या इंदूरच्या सराफा बाजारात भुट्ट्याचा कीस कुठे चांगला मिळतो असं पाहुण्याने विचारलं, तर आपण दुकान दाखवतो. 'अप्रतिम असतो' म्हणून गप्प बसत नाही.

'रणांगण'ला तू 'वेगवान प्रेमकथा' म्हणून टाकलंस. १९३९ साली विश्राम बेडेकरांसारखा एक मराठी लेखक जर्मनीतून परागंदा झालेल्या ज्यूंना बोटीवर बसवून कादंबरी लिहितो. मुंबईला नायक चक्रधर उतरतो, त्याच्या ज्यू प्रेयसीला, हॅर्टाला, उतरता येत नाही. याबद्दल तुझ्या टिपणात एक अक्षर नाही. परत वाच. छोटी आहे.

'स्मृतिचित्रे'ला 'प्रेरणादायी'! लक्ष्मीबाई टिळकांनी हे वाचलं असतं तर तुलाही एका परिच्छेदात बसवलं असतं. वडिलांच्या सोवळ्याने घर कसं जेरीस आलं होतं ते सांगताना ती बाई हसवते, आणि नवऱ्याने, ना. वा. टिळकांनी, ख्रिस्ती धर्म घेतल्यावर तिची काय दशा झाली तेही त्याच सरळ आवाजात सांगते. हसू आलं ते पान सांग. आलंच नसेल तर तसं लिही.

खरा राग आला तो 'माझा प्रवास'वर. 'इतिहासाच्या दृष्टीने उपयुक्त.' अरे, तू इंदूरचा! कोकणातल्या वरसईचे गोडसे भटजी ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञाची दक्षिणा मिळेल म्हणून घरातून निघाले, आणि १८५७चं बंड होणार ही कुणकुण त्यांना शिपायांकडून कुठे लागली? महूला. तू रविवारी मोटरसायकल काढून जातोस त्या महूला. त्यांना क्रांतीत भाग घ्यायचा नव्हता, घरचं कर्ज फेडायचं होतं. त्यातून ते झाशीत अडकले, शहर इंग्रजांच्या हाती पडताना तिथेच होते, आणि एवढं होऊनही आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी पोचले. मी दर वेळी अडकते ती राजवाड्यातला ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त होतो तिथे. चहूकडे माणसं मरताहेत आणि हा भिक्षुक पोथ्यांसाठी हळहळतोय. हे बरोबर की विचित्र, यावर माझं अजून ठरत नाही. तुझं काय?

आणि आवृत्ती कुठली तेही लिही. १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी छापताना मजकुरात बदल केले. १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी मूळ लेखन बाहेर काढलं. तुझं पान आणि माझं पान म्हणूनच जुळायचं नाही, तेव्हा प्रसंगही सांगावा लागेल.

मी एवढी हटून का बसते? पूर्वी एका दिवाळी अंकाने माझं परीक्षण छापलं. मी पुस्तकातून उतरवून दिलेला परिच्छेद जागेअभावी गाळला आणि शेवटी स्वतःच्या पदरचं 'संग्राह्य व वाचनीय' जोडलं. वर नाव माझं. त्यानंतर मी परीक्षणं लिहिली नाहीत. तेव्हा भांडून पुढच्या अंकात तो परिच्छेद छापून घ्यायला हवा होता, याची हळहळ आहे. पण लिहिणं सोडलं याची नाही. आपल्या वाचक मंडळात मला खडूस म्हणतात ते ठाऊक आहे मला. कुणी 'हृदयस्पर्शी' म्हणालं की मी 'पान?' विचारते, आणि मग चहा लवकर येतो. येऊ दे. निदान त्या खोलीत पुस्तक उघडून बोलणारी चार माणसं तयार झाली, आणि ती माझ्या खडूसपणामुळेच झाली असं मी मानते.

'कोसला'ची दोन्ही टिपणं फाडून टाक. दादाला दाखवायचं म्हणून लिहू नकोस, मला दाखवायचं म्हणूनही नको. चार पुस्तकं, चार जागा, प्रत्येकीखाली दोन ओळी, एवढंच घेऊन शनिवारी ये. गोडश्यांचं पुस्तक बरोबर आण, माझी पोतदारांची प्रत काढून ठेवते.

तुझी काकू
इंदूर