साबणावर वर्ष घालवायचं?

मुलीला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी ‘पॉलिमर इमल्शनमधले स्टॅबिलायझर’ हा विषय मिळालाय. साबणासारख्या किरकोळ गोष्टीवर वर्ष घालवून पुढे नोकरी कसली मिळणार, विषय बदलून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी तरी बदलू देणार नाही. साबण म्हणालात ते फारसं चुकीचं नाही. पॉलिमर इमल्शन म्हणजे भिंतीच्या रंगात, गोंदात असतो तो मूळ दुधाळ द्रव. शाम्पूत असतं ते सोडियम लॉरिल सल्फेट हा द्रव बनवायच्या टाकीतही (रिॲक्टरमध्ये) घालतात. तिथे पाण्यात साधारण 100 ते 500 नॅनोमीटरचे पॉलिमरचे कण तरंगत असतात. ते एकमेकांना चिकटले की गाठी होतात आणि बॅच वाया जाते. हा सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखा पदार्थ, कणांवर सारखाच विद्युतभार ठेवतो, म्हणून ते लांब राहतात आणि माल डब्यात महिनोन्महिने टिकतो. स्टॅबिलायझर म्हणतात तो हाच.

गोम पुढेच आहे. रंग भिंतीवर लागला, पाणी उडालं, कण एकमेकांत मिसळून सलग फिल्म झाली, की हाच सर्फॅक्टंट नकोसा होतो. तो उडून जात नाही. फटींत साठतो, पृष्ठभागावर येतो, पाणी ओढून घेतो. मुलीला घरी दाखवायला सांगा: काचेवर इमल्शनचा पातळ थर ओढायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि वर पाण्याचा थेंब ठेवायचा. बऱ्याच फिल्मवर थोड्या वेळाने थेंबाखाली दुधाळ डाग उमटतो. स्टॅबिलायझर बदला, डाग बदलतो. (मला हा डाग अजून बघत बसावासा वाटतो.)

लाकडाच्या पांढऱ्या गोंदात कण लांब ठेवायचं काम बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोल करतो. जोड मजबूत होतो, पण तो स्वतः पाण्यात विरघळणारा, त्यामुळे ओल लागली की जोड सैलावतो. पॉलिमरच्या साखळीलाच जोडले जाणारे सर्फॅक्टंट आले ते याच दुखण्यावर उपाय म्हणून.

स्टॅबिलायझर डब्यात हवा आणि भिंतीवर नको, ही ओढाताण सोडवणारी माणसं रंग, गोंद, कागदावरचे लेप, बांधकामाची रसायनं अशा सगळ्यांच्या फॉर्म्युलेशन प्रयोगशाळांना लागतात. काम चिकाटीचं आहे, तीच चाचणी पन्नासदा करावी लागते. कंटाळा लवकर येत असेल तर आधीच विचार करावा.

गाईडना मात्र तिने एक विचारावं: इमल्शन बनवून कणांचा आकार मोजून थांबायचं, की फिल्म ओढून तिची पाण्याची चाचणीही करायची? फक्त पहिलंच असेल, तर विषय तोच ठेवून फिल्मचा भाग जोडून मागावा. मुलाखतीत फिल्मबद्दल विचारतातच.