मंडळीच्या भेटीला जाताना

प्रश्न : नागपूरच्या आमच्या तरुण संघातले दहा जण एका रविवारी यवतमाळ जिल्ह्यातल्या तीन लहान ख्रिस्ती मंडळ्यांना भेट देणार आहोत. गीते, साक्ष, संदेश आणि शेवटी ब्लँकेटवाटप असा बेत आहे. काही सूचना?

उत्तर : एका रविवारी एकच मंडळी घ्या, आणि चौघेच जा. पंधरा-वीस घरांच्या मंडळीत दहा पाहुणे आले, की पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) पत्नी सकाळपासून चुलीपुढे अडकतात आणि उपासनेला बसायच्या त्याच राहून जातात. जेवायला थांबणार असाल तर शिधा आदल्या दिवशी पोचवा.

जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीन, मग जानेवारीपर्यंत कपाशी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे रविवार बुडाला की आठवड्याचा बाजार बुडतो. त्या दिवसांत सकाळच्या उपासनेला बाकं रिकामी दिसली, तर मंडळी थंडावली असं कृपा करून म्हणू नका. संध्याकाळी साडेसातनंतरची घरप्रार्थना गाठा. कोरडवाहू गावांत फेब्रुवारीनंतर जरा सवड असते.

ब्लँकेटं नकोत. यादी कोणी केली, कोण राहिलं, यावर मंडळीच्या पंचांत वर्षभर धुसफूस चालते आणि तोंड पाळकांना द्यावं लागतं. दान खजिनदाराकडे द्या, पावती घ्या. एकेक पाळक चार-पाच गावं मोटारसायकलवर सांभाळतात आणि पेट्रोल बहुधा पदरचं असतं. त्यासाठी काही द्यायचं असेल तर वेगळं द्या, पण पंचांना सांगून. लपवून दिलेल्या शंभर रुपयांचेही गावात हजार होतात.

संदेश तुमच्यातल्या एकाने द्यावा, वीस मिनिटांत. म्हणजे पाळकांना एक रविवार तरी बायकोमुलांशेजारी बसून ऐकता येईल. दुपारचा तासभर फक्त पाळक आणि त्यांच्या पत्नीसाठी ठेवा. विचारा, ऐका, प्रार्थना करा. पहिल्याच भेटीत सल्ला देऊ नका. आठ दिवसांनी फोन करा आणि तीन महिन्यांनी त्याच गावी परत जा. दुसऱ्या भेटीलाच लोक मोकळे होतात.

प्रश्न : आमच्या गावात मंडळीतर्फे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी घ्यावी असा विचार आहे. कशी घ्यावी? (एक पाळक, गडचिरोली जिल्हा)

उत्तर : अवश्य घ्या, गडचिरोलीत याची फार गरज आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना महिनाभर आधी लेखी अर्ज द्या. 2023 पासून राष्ट्रीय अभियानात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, म्हणून वेगळा खर्च करण्याआधी तिथेच विचारा. मंडळीने मंडप, पाणी, नोंदीसाठी दोन माणसं आणि आशाताईंना सोबत द्यावी.

बोटातल्या रक्तावरची सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढंच सांगते. माणूस वाहक (दोष आहे, पण आजार नाही) की रुग्ण, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात आणि नुकतंच रक्त चढवलेल्यात सोल्युबिलिटी चाचणी फसवते. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. ‘एक मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ हा समज खोटा आहे, तो तिथल्या तिथे दुरुस्त करा.

खरी चूक निकालाच्या दिवशी होते. नावं मोठ्याने वाचली जातात आणि पोरीचं जमलेलं लग्न मोडतं. निकाल बंद पाकिटात, ज्याचा त्याच्याच हातात द्या. पाळकांनीही तो पाहू नये. आणि शिबिरात संदेश, पत्रकं काहीच नको. तपासणीच्या बदल्यात काही मागतात असं एकदा वाटलं, की शेजारच्या टोल्यातून (पाड्यातून) पुन्हा कोणी येणार नाही.

प्रश्न : परदेशातले एक ख्रिस्ती बंधू पर्यटक व्हिसावर येत आहेत. ते उपदेश करून पाळकांना थोडी मदत देऊ इच्छितात.

उत्तर : उपासनेला बसू द्या, उपदेशाला उभं करू नका. धर्मप्रचारासाठी मिशनरी व्हिसा लागतो. पाळकांनी मंडळीच्या कामासाठी त्यांच्याकडून रोख घेऊ नये. परदेशी देणगी एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, तिच्या नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातून घेता येते.