डेंग्यूत प्लेटलेटचा आकडा कसा वाचायचा

वॉर्डात नवीन आहेस, म्हणून आधीच सांगतो. नातेवाईक "प्लेटलेट किती?" एवढंच विचारतील, तू मात्र शेजारचा हिमॅटोक्रिटही (रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, तो आकडा) बघ. प्लेटलेट झपाट्याने खाली आणि हिमॅटोक्रिट वर, अशी जोडी दिसली की रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बाहेर झिरपतोय असं धरून चाल. डेंग्यूत पेशंट दगावतो तो बहुतेकदा या गळतीतून आलेल्या शॉकने (अवयवांना रक्त पुरेनासं होतं त्याने), नुसत्या कमी प्लेटलेटने क्वचित.

एकटा आकडा फसवतो. प्लेटलेट ३० हजार असताना एखादा मजेत जेवत असतो, ८० हजार असताना दुसऱ्याचे हातपाय गार पडतात. म्हणून कालचा आणि आजचा रिपोर्ट सोबत वाच. ताप उतरला की घरचे निश्चिंत होतात, पण धोक्याचे २४ ते ४८ तास साधारण तेव्हाच सुरू होतात. पोटदुखी, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती, रोज विचार. बीपीच्या वरच्या-खालच्या आकड्यांत २० किंवा त्याहून कमी फरक उरला तर सिनियरला झोपेतून उठव.

आकडा भलताच कमी आला तर स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांग. ट्यूबमध्ये प्लेटलेट एकमेकींना चिकटल्या की मशीन कमी मोजतं. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या वर प्लेटलेट चढवायची सहसा गरज नसते. आणि पपईच्या पानांच्या रसावरून वाद घालत बसू नकोस, लघवी किती झाली ते विचार.