सेकंडहँड गाडीचा पत्रा पुन्हा रंगवलेला निघाला, आता काय करायचं?

प्रश्न : ताई नमस्कार, मी जुळे सोलापुरात राहतो. मागच्या महिन्यात शहरातल्याच एका डीलरकडून २०१८ ची ग्रे कलरची हॅचबॅक घेतली, ४ लाख १० हजाराला. बघायला गेलो तेव्हा संध्याकाळ झालेली, लाइटखाली गाडी नुसती चकाचक दिसत होती, डीलर म्हणाला एकदम नॉन-अ‍ॅक्सिडेंट आहे, पूर्ण कंपनी पेंट, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले त्याच्याखालीपण हेच लिहिलेलं. आता थोडे दिवस वापरून, धुऊन झाल्यावर सकाळच्या उन्हात बघितलं तर डावीकडचं मागचं दार आणि त्याच्या मागचा पत्रा वेगळाच ग्रे दिसतोय, दाराचं रबर ओढलं तर आत रंगाची रेघ आहे, चाकाच्या वर हात फिरवला तर फुगीर लागतंय. डीलर म्हणतो जुन्या गाडीत एवढं चालतंच की, तुम्ही बघूनच घेतली ना. सही केलेल्या कागदावर 'जशी आहे तशी' असंही आहे. गाडी परत करता येईल का? घरी रोज बोलणी खातोय.
एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, गाडी परत करायचं नंतर बघू, आधी रंगाच्या खाली काय झालंय ते कळू दे. सहा-सात वर्षांच्या गाडीचं एखादं दार पुन्हा रंगवलेलं असणं यात नवल काही नाही, पार्किंगमध्ये कुणी ओरखडा काढला तरी लोक दार रंगवून घेतात. पण तुम्ही दाराच्या मागचा पत्रापण म्हणताय, तिथं मला काळजी वाटते. दार बोल्टवर असतं, काढून दुसरं लावता येतं, पण तो मागचा पत्रा म्हणजे क्वार्टर पॅनल बॉडीला वेल्ड केलेला असतो, त्याला मार बसला तर एकतर ठोकून पुट्टी (खड्डा बुजवायचा लेप) भरतात नाहीतर कापून नवा जोडतात, आणि कापून जोडला असेल तर ती गोष्ट दिसण्यापुरती राहत नाही.

घरी बघता येण्यासारखं बरंच आहे. मागचं दार उघडा आणि रबर बाजूला करून आतली कड बघा, कंपनीच्या वेल्डिंगचे छोटे गोल खळगे सारख्या अंतरावर दिसायला पाहिजेत, उजव्या बाजूला तसे असतील आणि डावीकडे सपाट गुळगुळीत असेल तर तिथं काम झालंय. बिजागरीच्या बोल्टचे कोपरे बघा, पाना लागला की त्यावरचा रंग उडतो. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी काढा, खालच्या पत्र्याला सुरकुती आहे का, एकाच बाजूला ताजा सीलंट किंवा काळा रंग मारलाय का बघा. सगळ्या काचांच्या कोपऱ्यातले मार्किंग ताडून बघा, एकाच काचेवर नंतरचं साल असेल तर ती बदललेली आहे. आणि एक पातळ लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावर फिरवा, जिथं चिकटत नाही किंवा एकदम ढिला पडतो तिथं खाली पुट्टी आहे. बंपरवर हे करू नका, ते प्लॅस्टिकचं असतं.

डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे पेंट मोजायचं मीटर असेल तर उत्तमच. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मध्ये असतो, २०० च्या पुढे गेला की पुन्हा रंगवलेला समजायचं आणि आकडा ५०० च्या वर गेला तर खाली पुट्टी भरलीय असं धरून चाला. दोन्ही बाजूंच्या त्याच त्याच जागा मोजायला सांगा म्हणजे फरक समोर दिसतो. संध्याकाळी तुम्हाला काही दिसलं नाही यात तुमची चूक नाही, मेटॅलिक ग्रे लाइटखाली सगळीकडे सारखाच दिसतो, त्यात वरून पॉलिश मारलं की बारीक ओरखडे भरून निघतात आणि धुण्यात ते पॉलिश गेलं की उघडे पडतात. आणि आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ वर जातो, जाड पुट्टी त्या उन्हात तडकते, तिच्याखाली ओल राहिली असेल तर पोपडे धरतात. म्हणून उन्हाळ्याच्या आत तपासून घ्या.

पण पुट्टी काढायची नाही, रंग परत मारायचा नाही, सगळं पुराव्यात आल्याशिवाय त्या दाराला हात लावू देऊ नका. सकाळी तिरकं ऊन असताना नंबरप्लेट दिसेल असा सलग व्हिडिओ काढा. मग गाडी ज्या कंपनीची आहे तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन तपासणीचा लेखी रिपोर्ट आणि दुरुस्तीचं कोटेशन घ्या, आणि तिथंच चासी नंबरवरून जुनं बॉडीचं काम नोंदलंय का तेही विचारा. जुनी विमा पॉलिसी असेल तर त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती आहे बघा. बऱ्याच वर्षांच्या गाडीला शून्य टक्के असेल तर आधीच्या वर्षी क्लेम झाला असण्याची शक्यता मोठी (मध्ये मालक बदलला असेल तरी शून्य होतो, ते विचारून घ्या). ५० टक्के असला म्हणून गाडी ठोकलेली नाही असं मात्र होत नाही, लोक रोख पैसे देऊनपण काम करून घेतात.

आता मुद्द्याचं. तुमच्या हातातली सगळ्यात भारी गोष्ट तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आहे, तो डिलीट होऊ देऊ नका. 'जशी आहे तशी' मध्ये डोळ्यांना दिसणारे ओरखडे, झिजलेले टायर येतील, पण 'कंपनी पेंट, नॉन-अ‍ॅक्सिडेंट' असं लिहून देऊन उलटं निघालं तर त्या एका ओळीमागे लपता येणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ मध्ये माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं फसवणुकीत धरलंय. डीलर म्हणेल मलाच माहीत नव्हतं, तर मग खात्री नसताना छातीठोक का लिहिलं हा प्रश्न उरतोच, त्यासाठी कलम १८ आहे.

गाडी परत घ्या आणि सगळे पैसे द्या ही मागणी नुसत्या रंगासाठी टिकणं अवघड. पत्रा कापून जोडलाय असं रिपोर्टमध्ये आलं तर जरूर मागा, नाहीतर दुरुस्तीचा खर्च आणि किमतीतला फरक मागा, ते जास्त पदरात पडण्यासारखं आहे. फोनवर भांडू नका, रिपोर्ट जोडून स्पीड पोस्टानं पत्र पाठवा, १५ दिवसांची मुदत द्या. नाही ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि त्याच्या पुढे सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही. पावती कुणाच्या नावाची आहे तेवढं आधी बघा, कारण काही जण ऐनवेळी म्हणतात गाडी पार्टीची होती, मी फक्त मध्यस्थ. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची अधिकृत मान्यता आणि गाडी ताब्यात घेतल्याची ऑनलाइन नोंद लागते, ती केली होती का हे पत्रात सरळ विचारा.

प्रश्न : माझंपण असंच झालंय, पण गाडी अजून माझ्या नावावर नाही. डीलर भरपाई देईपर्यंत ट्रान्सफर थांबवून ठेवू का? एक वाचक, बार्शी

उत्तर : नुसतं टोकन दिलं असेल आणि गाडी त्याच्याच दारात असेल तर थांबवा, उरलेले पैसे देऊ नका. पण गाडी तुम्ही चालवत असाल तर रागापायी ट्रान्सफर अडवू नका, नुकसान तुमचंच. उद्या ठोकली तर जुन्या मालकाच्या नावाच्या पॉलिसीवर तुमच्या गाडीचा क्लेम अडतो, म्हणून खरेदीपासून ३० दिवसांच्या आत आरटीओत अर्ज करा आणि विमा १४ दिवसांत नावावर करायला टाका. आरसी तुमच्या नावावर झाली म्हणून भरपाईचा हक्क जात नाही.