वाचकांचे प्रश्न : यादीत नसलेल्या शहराचा अभ्यास

प्रश्न : मी व्यवस्थापन शाखेच्या शेवटच्या वर्षात शिकते. प्रकल्पासाठी मला ‘स्मार्ट सिटी आणि ऑपरेशन्स मॅनेजमेंट’ हा विषय मिळाला आहे. कोल्हापूर स्मार्ट सिटीच्या यादीत नाही, तेव्हा मी पुणे किंवा सोलापूर निवडावे का? सेन्सर आणि नियंत्रण कक्ष नसतील तर इथे अभ्यास करण्याजोगे काय आहे?
— एक विद्यार्थिनी, कसबा बावडा, कोल्हापूर

उत्तर : स्मार्ट सिटी अभियान २५ जून २०१५ रोजी सुरू झाले. त्याच्या १०० शहरांत कोल्हापूर नव्हते आणि २०१६ च्या पहिल्या यादीत पुणे व सोलापूर होते, हे खरे आहे. परंतु ती यादी निधीची होती, अभ्यासविषयांची नव्हे. हाताशी असलेली माणसे, वाहने आणि वेळ यांतून अधिक चांगली सेवा कशी काढावी, हा तुमच्या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे आणि तो सेन्सर येण्याच्या कितीतरी आधीपासून विचारला जात आहे.

माझे मत विचाराल तर शहर बसचा एकच मार्ग घ्या. गंगावेशीच्या थांब्यावर वही आणि घड्याळ घेऊन उभ्या राहा व प्रत्येक बस आल्याची वेळ टिपा. समजा, तासाला ४ बस आहेत. त्या बरोबर १५ मिनिटांच्या अंतराने आल्या, तर प्रवाशाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागेल. त्याच बस ५, २५, १० आणि २० मिनिटांच्या अंतराने आल्या, तर ही सरासरी सुमारे ९.६ मिनिटांवर जाते, आणि दोन-दोन बस एकामागोमाग येऊ लागल्या की ती थेट १५ मिनिटे होते. अंतरांच्या वर्गांच्या बेरजेला अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागले की हा आकडा मिळतो. लांबलेल्या अंतरात आलेल्या प्रवाशांची संख्या जास्त असल्यामुळे असे घडते. अर्थात, प्रवासी वेळापत्रक न पाहता थांब्यावर येतात, असे यात गृहीत धरले आहे. दीड-दोन तासांनी एखादी बस असलेल्या खेड्याच्या मार्गाला हे सूत्र लावू नका.

बस जोडीने का येतात, याचे गणित नेवेल आणि पॉट्स या संशोधकांनी १९६४ मध्येच मांडले होते. उशीर झालेल्या बसला प्रत्येक थांब्यावर अधिक प्रवासी मिळतात, त्यांना चढायला वेळ लागतो, ती आणखी रेंगाळते आणि मागची निम्मी रिकामी बस तिला गाठते. चालकाचा दोष नसतानाही हे होते. मधल्या एखाद्या थांब्यावर मागच्या बसला दोन-तीन मिनिटे रोखून धरणे, हा त्यावरचा रूढ उपाय आहे. मात्र आत बसलेल्यांचा त्यात खोळंबा होतो. कोणत्या थांब्यावर, किती मिनिटे रोखावे म्हणजे सर्वांचा मिळून वेळ वाचेल, हाच तुमच्या प्रकल्पाचा गाभा ठरू शकेल. जोतिबाचा रविवार आणि अंबाबाईच्या दर्शनाच्या गर्दीचे दिवस मात्र निराळे नोंदवा. त्यांची सरासरी इतर दिवसांत मिसळली, तर दोन्हींचे चित्र बिघडेल.

घंटागाडीचा मार्ग हाही विषय चांगला आहे. प्रत्येक गल्लीतून किमान एकदा जाऊन आरंभस्थानी परतायचे असेल, तर विषम संख्येने रस्ते मिळणाऱ्या चौकांमुळे काही गल्ल्यांतून दुसऱ्यांदा जावेच लागते. परंतु गाडी भरणे आणि एकेरी वाहतूक यांच्या अटी आल्या की हे गणित फार अवघड होते, म्हणून एका सत्रात ते हाती घेऊ नये, असे वाटते.

नोंदी निदान दोन आठवडे, सकाळ-संध्याकाळ एकाच थांब्यावर घ्या. बस आली नाही, तर ती ओळ कोरी सोडू नका. ‘आली नाही’ असे लिहा, कारण सरासरीला सर्वांत मोठा धक्का त्याच नोंदीने बसतो.