आधी वेळापत्रक मागून घे

प्रिय मुली,

नर्सिंग, बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी, चार वर्षांचं एकात्मिक बीएड आणि मानसशास्त्रातलं बीए, असे चार अर्ज भरून ठेवलेस आणि मला विचारतेस, "मावशी, यातलं लोकांच्या जास्त उपयोगाचं कुठलं?" चारही उपयोगाची आहेत. हा प्रश्न सोडून दे. तू पाठवलेली माहितीपत्रकं मी पाहिली. इमारती, हसरे चेहरे आणि उज्ज्वल भवितव्य यांखेरीज त्यांत काही नाही. त्यापेक्षा चारही ठिकाणी जा आणि पहिल्या वर्षाचं वेळापत्रक माग. मुलं आठवड्यातले किती दिवस वर्गाबाहेर असतात, कुठे असतात, आणि तिथे त्यांच्यासोबत कोण असतं, एवढंच विचार.

नर्सिंगचं घे. बीएस्सी नर्सिंगला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, खुल्या गटाला त्यांतल्या पहिल्या तीन विषयांत मिळून 45 टक्के. तुझ्याकडे ते आहे, म्हणून तुला त्याची किंमत वाटत नाही. आमच्या तालुक्यात अकरावीला सायन्सच नव्हतं. पुढे आई अंथरुणाला खिळली तेव्हा सिस्टर येऊन तिला अलगद कुशीवर वळवायच्या, पाठ पुसायच्या, तिला न उचलता चादर बदलायच्या आणि मी दारात उभी. ते हात मला कधी मिळाले नाहीत याची चुटपुट अजून आहे. पहिल्या वर्षी हेच शिकवतात: बेड मेकिंग, स्पंजिंग म्हणजे ओल्या फडक्यानं अंग पुसणं, ताप-नाडी-श्वास मोजून चार्टवर लिहिणं. पण वॉर्ड हवा! स्वतःचं हॉस्पिटल कागदावर दाखवणारी कॉलेजं आहेत. पोस्टिंग कुठल्या हॉस्पिटलला असतं, तिथे खाटा भरलेल्या असतात का, हे तिसऱ्या वर्षाच्या मुलीला गाठून विचार. प्राचार्यांना नको.

बीएसडब्ल्यूला कुठल्याही शाखेतून जाता येतं, म्हणून लोक त्याला हलकं समजतात. मुंबईत 1936 साली दोराबजी टाटांच्या नावानं समाजकार्याची शाळा निघाली, तीच आजची 'टिस', म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था. एवढी जुनी ही विद्या आहे. तिचा प्राण क्षेत्रकार्यात, म्हणजे वस्तीत लोकांमध्ये जाऊन करायच्या कामात आहे. मी समाजकार्य शिकवायचे तेव्हा पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीनं अहवालात लिहिलं होतं, "आजींना समुपदेशन केले." मी ते खोडलं आणि विचारलं, आजींच्या हातात काय होतं? तिला आठवेना. पुढच्या वेळी पाहून आली: रेशनकार्ड होतं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं. आयुष्यभर भांडी घासून बोटांचे ठसे झिजले होते, दुकानातलं मशीन अंगठा घेत नव्हतं आणि धान्य अडलं होतं. मग ती मुलगी आजींना घेऊन दुकानात गेली, तिथून तहसीलच्या पुरवठा शाखेत गेली, कुठला अर्ज लागतो ते शिकली. ही एक दुपार तिला कुठल्याही पाठ्यपुस्तकात मिळाली नसती.

मुलींना वस्तीत पाठवते म्हणून माझ्याविरुद्ध पालकांच्या तक्रारी झाल्या. "सर्व्हे वर्गात बसून भरून घ्या," असं मला वरूनही सुचवलं गेलं. मी पाठवत राहिले. सोबत गेले, अंधार पडायच्या आत परत आणलं, पण पाठवलं. काही घरांनी माझ्याशी बोलणं सोडलं. आजही कुणी विचारलं तर मी तेच करीन. बाहेर न पडता समाजकार्याची पदवी देणं ही त्या मुलींची फसवणूक झाली असती.

तेव्हा पुन्हा सांगते, वेळापत्रक माग.

शिक्षकी पेशाबद्दल तू लिहितेस, "मला लहान मुलं आवडतात." अगं, आवडतात म्हणजे काय? पाहुण्यांची मुलं आवडणं वेगळं आणि दुपारच्या तासाला पेंगुळलेला आठवीचा वर्ग वेगळा. एकात्मिक अभ्यासक्रमानं बीए आणि मग दोन वर्षांचं बीएड यातलं एक वर्ष वाचतं, हे खरं. पण पाठ टाचण नीटनेटकं लिहिणं आणि वर्गमैत्रिणींना विद्यार्थी समजून सूक्ष्म अध्यापन करणं यावर निभावू नकोस. आंतरवासितेला, म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवण्याच्या काळात, कुठली शाळा देतात ते बघ. बालशिक्षणाला वाहून घेतलेल्या तारा मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर मुलांच्या अंगणापर्यंत गेल्या, तेव्हा त्यांची बालवाडी उभी राहिली.

मानसशास्त्रातल्या बीएवर मी फार लिहीत नाही. ते वाईट नाही. फक्त त्यानं कुणी समुपदेशक होत नाही. पुढे एमए करावंच लागतं आणि क्लिनिकल कामासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणीही. हेच बीए पुण्यातल्या खासगी लिबरल आर्ट्सच्या कॉलेजात करायचं तर तिथली फी तुझ्या बाबांना झेपणारी नाही, आणि त्यासाठी कर्ज काढावं असं मला वाटत नाही. साध्या कॉलेजातही आता नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक दुय्यम विषय आहे, तीन वर्षांवर थांबता येतं किंवा चौथं करून ऑनर्स घेता येतं. फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिटही आहेत. ते प्रोजेक्ट खरंच बाहेर होतात की मागच्या वर्षीच्या फायलींवरून उतरवतात, हे विचार. उतरवत असतील तर ते कॉलेज यादीतून काढ, मग ते कितीही नावाजलेलं असो.

एक कामाचं. जुलै 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन पूर्ण माफ करतं, पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस तर नाही. तुझा अभ्यासक्रम यात बसतो का, ते कॉलेजच्या ऑफिसात विचार. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि नॉन क्रीमी लेयर आत्ताच काढायला टाक. निकाल लागल्यावर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते आणि सर्व्हर नेमका तेव्हाच बंद पडतो.

तुझी,
मावशी